ठिपक्याला ठिपका

मंगळवार, ४ फेब्रुवारी

…आणि म्हणूनच मी आईला म्हटलं, की माफ करायला मी काय पायपुसणं आहे का, येईल त्याने पाय पुसावेत आणि आत यावं?

आई म्हणाली, "पायपुसणं निदान गप्प तरी पडून राहतं."

ती काकाचीच बाजू घेतेय असं नाही. तिला फक्त घरात आवाज नको असतो. पण मला हवाय. मला इतका आवाज हवाय की त्याच्या कानठळ्या बसल्या पाहिजेत. (शाळा इंग्लिश मिडीयम, कॉलेज इंग्लिश, पण राग मला इंग्लिशमध्ये येतच नाही. म्हणून ही डायरी मराठीत. वेलांट्या चुकल्या तर चुकल्या.)

तर काका आला होता. काका म्हणजे सख्खा नाही, बाबांचा भागीदार. होता. तोंडावर मी त्याला "अहो काका" म्हणते, इथे "तो".

दोघांचं मिळून जड मशिनांचं गॅरेज होतं. दोन वर्षांपूर्वी एका मशिनची पिन गंजून अडकली. बाबा पंच, म्हणजे ठोकायची लोखंडी खुंटी, धरून बसले होते. ते म्हणाले, थांब, मध्ये पितळेचा तुकडा ठेवू, कडक लोखंडावर कडक लोखंड मारायचं नसतं, कपची उडते. काका म्हणाला, "पितळ शोधेपर्यंत जेवायची वेळ होईल," आणि घण घातला. कपची उडाली. तांदळाच्या कणीपेक्षा लहान असेल. बाबांचा उजवा डोळा गेला.

बाबा हॉस्पिटलमध्ये असताना यानं काय केलं? गॅरेजचं कुलूप बदललं आणि पाटीवरचं बाबांचं नाव रंगवून टाकलं. लोकांना सांगत सुटला, "वय झालंय, चष्मा लावत नाही, माझा काय दोष?" वर दया दाखवली ती वेगळीच. म्हणाला, डोळा बरा झाला की रोजंदारीवर ये. स्वतःच्याच गॅरेजमध्ये रोजंदारी! आणि बाबा कामावर गेले. थोडे दिवस गेले, मग एक दिवस दुपारीच घरी आले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "झालं. आता नाही जायचं." काय झालं ते कधीच सांगितलं नाही. मानी माणूस, अपमान सांगणार कसा?

नंतर मी डिग्री घेतली, टेबलावरची नोकरी सोडली आणि घरामागच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी नवं काम सुरू केलं. फक्त अडकलेल्या पिना काढायच्या. "जिथे घण हरतो, तिथे आम्ही." ही टॅगलाइन माझी. बाबा म्हणाले, पाटीवर मावणार नाही.

आणि आता त्याचं पिवळं मशीन अडकलंय. खोदायचं मोठं मशीन, बकेटची पिन जाम. आधी त्यानं, मग दुसऱ्या दोन गॅरेजवाल्यांनी बडवून पाहिलं. पाइपलाइनचा चर खणायचं काम मिळालंय त्याला, आणि सोमवारी मशीन तिथे पोचलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार. वा! असं कधी तरी घडावं म्हणून मी किती वाट बघितलीय.

"चिमणे," मला म्हणतो, "बाबाला सांग, जुनं विसरायचं असतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज. "कुठली पिन?"

"बकेटची."

बाबांच्या हातातला कप तसाच राहिला. मग म्हणाले, "किती टिकली म्हणे?"

"पावणेदोन वर्षं."

"पावणेदोन वर्षं," बाबा म्हणाले आणि चहा प्यायले. "घेऊन ये."

याला म्हणतात आपलेच दात आपलेच ओठ. शत्रू स्वतःहून सापळ्यात येतोय आणि आमच्या घरचा माणूस त्याला चहा विचारतोय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मशीन आलं. ट्रेलरवरून उतरवताना बकेट असं लोंबत होतं जसा मोडलेला हात. आम्ही खाली लाकडाचे ठोकळे रचून बकेट टेकवलं.

पिन म्हणजे माझ्या मनगटापेक्षा जाड दांडा. मशीनच्या हाताच्या टोकात एक बुश बसवलेला असतो, म्हणजे लोखंडी नळीच. पिन बकेटच्या एका कानातून शिरते, बुशमधून जाते, दुसऱ्या कानातून बाहेर येते. पिन आणि बुशच्या मध्ये ग्रीस पाहिजे. ग्रीस नसेल तर दोघं एकमेकांना मिठी मारतात आणि सोडत नाहीत. इथे पिन बुशला चिकटली होती आणि त्यामुळे बकेटचे कानच खायला लागली होती. त्यात बडवून बडवून पिनचं तोंड फुलवून ठेवलेलं, अगदी अळंबीसारखं. सवय कुणाची ते दिसतंच. मी मनात म्हटलं, बडव, अजून बडव, या वेळी तुझ्याच डोळ्यात पाणी येईल.

सोबत ऑपरेटरही आला. त्याला सगळे शपथ्या म्हणतात, कारण तो उठता बसता शपथा घेतो. चहा गोड झालाय, आईशप्पथ. ट्रेलर पंक्चर होता, आईशप्पथ. त्यामुळे त्याच्या खऱ्यालाही किंमत उरलेली नाही. पिन जाम झाली त्याच दिवशी काकानं त्याला कामावरून काढलंय. ग्रीस मारत नाही म्हणून. तरी हा मशीनच्या मागोमाग सायकलवर आला.

"ताई, रोज सकाळी मारायचो. आईशप्पथ. ग्रीसची गन कडक जायची, ग्रीस भरायच्या निपलच्या बाजूनंच ते बाहेर यायचं. मी शेठला सांगितलं पण."

"मग?"

"शेठ म्हणाले, जेवत जा नीट, हातात जोर येईल."

मी हसले. मग वाटलं हसायला नको होतं. पण खरं सांगू? माझाही विश्वास नाही. सगळेच ऑपरेटर असंच म्हणतात.

"पिन निघाली की आत बघा," तो म्हणाला. "ग्रीस असणार. मग शेठला बोलवून दाखवा. माझं एवढं एकच काम करा."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सुचलं! सूड सुचला!! एवढा सुंदर, की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटतेय.

सकाळी आधी साफसफाई, मग फटीत पातळ तेल, मग गॅसच्या टॉर्चनं मशीनचा हात बाहेरून गरम करायचा. पिन नाही, पिनच्या बाहेरचं. बाहेरचं फुगतं, आतलं सुटतं. गरम फटीला मेणबत्ती लावली की मेण वितळून आत ओढलं जातं. शपथ्या पाण्याची बादली घेऊन उभा होता, कारण जुनं ग्रीस कधी पेटेल सांगता येत नाही. पिन तसूभरही हलली नाही. उद्या जॅक.

दुपारी बाबांनी लेथवर लोखंड कातून नवा बुश केला. बुशला एक भोक असतं. मशीनच्या हातावर जे ग्रीस घालायचं निपल असतं, त्याच्या भोकासमोर ते यायला लागतं. बुश एकदा आत दाबला की भोक दिसत नाही. म्हणून बाबांची एक पद्धत आहे. बुशच्या कडेवर, भोकाच्या सरळ रेषेत, पंचनं एक ठिपका. हाताच्या तोंडावर, निपलच्या रेषेत, दुसरा ठिपका. ठिपक्याला ठिपका लावायचा, दाबायचा आणि फिरू नये म्हणून कडेला वेल्डचे दोन टाके द्यायचे. ही पद्धत दुसरं कुणीच वापरत नाही. बाकीचे खडूची रेघ मारतात, ती तेलात पुसून जाते.

मी विचारलं, "एका डोळ्यानं दिसतो का हो ठिपका?"

"डोळ्यानं बघतं कोण?" असं म्हणून त्यांनी चांगला डोळाही मिटला, माझ्या हातातून बुश घेतला, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि टेबलावरच्या दुसऱ्या रिंगच्या ठिपक्यासमोर नेऊन थांबवलं. केसाचाही फरक नाही! "मशीनखाली, चिखलात, अंधारात डोळा काय कामाचा? नख खोटं बोलत नाही."

मी टाळ्या वाजवल्या. काकाला वाटलं डोळा घेतला म्हणजे बाबा संपले. नख कुठे घेतलंस रे त्यांचं?

आणि तिथेच सुचलं. बुश जर पाव फेरा फिरवून बसवला तर? निपलसमोर भोक नाही, नुसतं लोखंड. ग्रीस तोंडात जाईल, पोटात कधीच जाणार नाही. बाहेरून सगळं चकाचक. मशीन चालत राहील, महिने जातील, आणि एका भलत्याच दिवशी, भर कामात, कर्रर्र. पिन पुन्हा जाम. तेव्हा आम्ही फोनसुद्धा उचलणार नाही. कुणाला कळणारही नाही. असला शांत सूड कुणाच्या बापाला सुचला नसेल!

बाबांना सांगणार नाही. ते फार सरळ आहेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

निघाली!

पिनच्या तोंडात आटे पाडून जाड रॉड बसवला, त्यावरून मधे भोक असलेला जॅक. बाहेरून पुन्हा टॉर्च. बाबांनी सगळ्यांना बाजूला उभं केलं, रेषेत कुणी नको, सगळ्यांना चष्मे. काकालाही. तो गुपचूप चष्मा घालतो तेव्हा कसा दिसतो हे मी बारकाईनं बघून घेतलं. दोन वर्षं उशीर झाला.

मी पंप मारत होते. काटा चढतोय, चढतोय, रॉड किंचाळतोय. बाबा म्हणाले, "थांब. आता तिला विचार करू दे." (हे बाबांचं लाडकं वाक्य. आई म्हणते लग्नाच्या वेळी पण हेच म्हणाले होते.) आम्ही सगळे थांबलो. कुणीच काही केलं नाही आणि तोफ उडाल्यासारखा धाड् आवाज झाला. बोटभर सरकली. मी अक्षरशः नाचले.

पूर्ण बाहेर यायला दुपार झाली. शपथ्या सगळ्यात आधी पुढे आला. पिनवर हात फिरवला.

कोरडी ठणठणीत. ग्रीसचा मागमूस नाही. लाल भुकटी त्याच्या बोटांना लागली, विटेसारखी.

काका हसला. "घे शपथ आता. कुणाची घेतोस? आईची झाली, बायकोची घे."

शपथ्यानं शपथ घेतली नाही. पहिल्यांदाच. तो ठोकळ्यावर बसला आणि बोटांकडे बघत राहिला.

"मी स्वतः भरायचो," एवढंच म्हणाला.

"सगळ्या साइटवर सांगितलंय मी," काका बाबांना म्हणाला. "असल्या माणसाला मशीन देऊ नका म्हणून. बरोबर ना?"

बाबा टॉर्चची नळी गुंडाळत होते. दोनदा गुंडाळली, दोनदा सोडली. मग म्हणाले, "बुश उद्या मी काढतो. एकटा. इंजिनीयर, तू विश्रांती घे."

मला म्हणतात ते इंजिनीयर. एवढं काम केल्यावर विश्रांती सुचवणारे बाबा मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. थकले असावेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाबा उठायच्या आधीच मी शेडमध्ये गेले. म्हटलं आपणच बुश काढून सरप्राइज देऊ.

पुसून घेतला आणि कडेवर ठिपका दिसला. बाबांचा ठिपका. म्हणजे हा बुश बाबांनीच बसवलेला! रोजंदारीच्या त्या दिवसांत. मग हाताच्या तोंडावरचा ठिपका शोधला. तो होता वर. बुशचा होता बाजूला. पाव फेरा.

निपल काढून तार आत घातली. टक्. लोखंड.

आधी वाटलं पिनसोबत फिरला असेल. पण वेल्डचे दोन्ही टाके शाबूत, एकाला चीरसुद्धा नाही. बसवतानाच तसा बसवलाय.

मला इतकं रडू आलं. बिचारे बाबा. नुकताच डोळा गेलेला, पट्टी निघून थोडेच दिवस झालेले, त्यात मालकाचा रोजंदार म्हणून उभे, नजर चुकली. ती चूक काकाची आहे. डोळा कुणी फोडला? मग पिन कुणी जाम केली? त्यानंच! कपचीनं फिरून फिरून त्यालाच गाठलं. याला म्हणतात न्याय.

एवढ्यात बाबा आले. मला बुशजवळ बघून दारातच थांबले.

"तू बघितलंस?"

"हो. बाबा, असू दे हो. एका डोळ्यानं होतं असं."

त्यांनी मागचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "हो. एका डोळ्यानं होतं." ग्राइंडर घेतला आणि टाके कापून बुश काढला. "भंगारात टाक. खाली, तळाला."

मी टाकला नाही. ओढणीत गुंडाळून माझ्या टेबलाखाली ठेवलाय. कशाला, माहीत नाही. आठवण म्हणून असेल.

आणि शपथ्या खरं बोलत होता.

रविवार, ९ फेब्रुवारी

बकेटचे कान काल संध्याकाळीच वेल्डनं भरून सारखे केले होते. आज नवा बुश बसवायचा होता. काका ट्रेलर घेऊन दारात. "चिमणे, हात चालव, उद्या साइट आहे." शेडची पाटी वाचून म्हणतो, "बाबाचं नाव बरंच मोठं लिहिलंय, लांबून दिसावं म्हणून का?" स्वतःच्याच जोकवर स्वतःच हसला.

त्या हसण्यानं उरलीसुरली दया गेली. मी बुश जागेवर धरला आणि पाव फेरा फिरवला. बाबा माझ्या मागून आले. नेहमीसारखं अंगठ्याचं नख कडेवर ठेवलं. बुशच्या ठिपक्यावरून हाताच्या ठिपक्याकडे. एकदा. पुन्हा एकदा. डोळा काकाकडेच होता, खाली बघितलंसुद्धा नाही.

"कुणी शिकवलं हे?" हळू आवाजात.

"कुणी नाही. माझंच डोकं."

माझ्याकडे असं बघितलं, जसं आरशात नको ते दिसावं. मला वाटलं मारतील.

"कुणाच्या गळ्यात पडेल, माहितीये?"

"त्याच्या."

"नाही. मशीनला सकाळी जो ग्रीस मारतो, त्याच्या." मग माझा हात बाजूला केला आणि स्वतः बुश फिरवला. ठिपक्याला ठिपका. "मला तेव्हा हे सुचलं…" एवढं म्हणाले आणि थांबले.

"काय सुचलं?"

"काही नाही. सुचलं नाही, असं म्हणत होतो. दाब."

मी दाबला. टाके दिले. पिन घातली. बाबांनी स्वतः गन लावली आणि दोन्ही कडांनी ग्रीसची पिवळी रिंग बाहेर येईपर्यंत मारत राहिले. नंतरही मारत राहिले.

काका मशीन घेऊन गेला. बाबांचा खांदा थोपटून. मी आत जाऊन उशीला ठोसे मारले. दोन वर्षं थांबून हाती काय आलं? तर त्याचं मशीन आता पूर्वीपेक्षा मऊ चालतंय!

गुरुवार, २० फेब्रुवारी

कामं येतायत. काकाचं मशीन चालू झाल्याची बातमी पसरली आणि आता त्याच्याच ओळखीचे लोक आम्हाला फोन करतात. "एका डोळ्याचा आहे, पण पिन काढावी तर त्यानंच." मी फोनवर गोड बोलते आणि मनात काकाच्या गॅरेजचं एकेक गिऱ्हाईक मोजून वजा करते. सूड असाही घेता येतो, म्हटलं. पोट भरत नाही, पण चव येते.

बाबांचं मात्र काही कळत नाही. कामावरून आले की बसून असतात. काल आईला म्हणाले, शपथ्याला आपल्याकडे ठेवू या का? आई म्हणाली, मशीन चालवणारा माणूस शेडमध्ये काय करणार? "बसेल," बाबा म्हणाले, "मी समोर बसेन." हे काय उत्तर झालं?

आज शपथ्या स्वतःच आला. बाबा बाहेर गेले होते. शपथ्या बाजारात पोती उचलतोय सध्या. कुठल्याच साइटवर मशीन देत नाहीत त्याला. खांद्यावर पोत्याची धूळ, आणि बोलण्यात एकही शपथ नाही.

"ताई, एक विचारायचं होतं. तुम्ही शिकलेल्या आहात. आत ग्रीस नव्हतं ते मी पण बघितलं. मग मी काय मारत होतो रोज सकाळी? बायको म्हणते, तुला वाटत असेल मारलं. आता मला पण तसंच वाटायला लागलंय, की मी मारतच नव्हतो. तुम्ही सांगाल ते मानेन. मारत होतो का मी?"

"उद्या ये," मी म्हटलं. भित्री कुठली.

तो गेल्यावर बुश बाहेर काढला. हा दाखवला तर शपथ्याला मशीन परत मिळेल. पण पहिला प्रश्न येईल, बसवला कुणी? मी म्हणेन, नजर चुकली. काका गावभर ओरडेल, बघा, मी सांगत होतो ना आंधळा आहे म्हणून. कोण पिन काढायला देईल आम्हाला? पुन्हा तोच जिंकणार.

मग एक खेळ केला. दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. ठिपका लगेच लागला. खड्ड्यात पाय पडावा तसा. माझं नख तर अजून कच्चं आहे. पण बाबांचं हा बुश बसवला त्या दिवशी सोललेलं असेल. किंवा तेल असेल बोटाला. असेलच काहीतरी.

हे कधी कुणी वाचलंच तर खरंखरं सांगा, तुम्ही हा बुश दाखवला असता का? आणि दाखवला असता, तर आधी कुणाला?